वन्संचा ठसा

माझी नणंद भांडखोर आहे हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं. लग्नानंतर कळलं की लोकांनी कमीच सांगितलं होतं. भाजी किती बारीक चिरायची, खिडकी कधी उघडायची, ओल्या कपड्यांना चिमटे कुठे लावायचे, या सगळ्यावरून त्या माझ्याशी भांडल्या आहेत, आणि मीही काही मूग गिळून बसणारी नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ. शेजारच्यांनी आजवर टीव्ही घेतला नाही तो आमच्यामुळे, असं आमचे हे म्हणतात.

हे म्हणजे माझा नवरा, नणंदेचा धाकटा भाऊ. मोठ्या नणंदेला मी पहिल्या दिवसापासून ‘वन्सं’ म्हणत आले. त्या ज्या कारखान्यात भट्टीवर होत्या तिथेच पुढे मी पॉलिशच्या खोलीत लागले, आणि माझं ऐकून ऐकून सगळा कारखाना त्यांना वन्सं म्हणायला लागला. पत्रा ओढणारे म्हणायला लागले, फाटकावरचा रखवालदार म्हणायला लागला, शेवटी मालकही म्हणायला लागले. एवढ्या मोठ्या पुरुषमंडळींच्या वाट्याला मिळून एक नणंद आली, आणि ती अशी, याचं मला आतून फार बरं वाटायचं. मी एकटीनेच का सोसायचं?

कारखाना गल्लीच्या टोकाला. खाली भट्टी आणि पत्रा ओढायचं यंत्र, वर कारागिरांची बाकं, आणि मागच्या बाजूला आमची पॉलिशची खोली. तिथे पंखा दिवसभर धूळ ओढत राहतो, कारण ती धूळ नसते, सोनं असतं. आम्ही हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जात नाही, पिंपात साठतं. महागड्या घड्याळांचं सोन्याचं बाहेरचं घर, ज्याला आम्ही केस म्हणतो, ते इथे बनतं. शिवाय अंगठ्या, कडी, साखळ्या. सगळं ज्यांच्यासाठी बनतं ते लोक या गल्लीत कधी पाऊल टाकत नाहीत.

वन्सं इथे झाडूवाली म्हणून लागल्या होत्या. जुना भट्टीवाला खोकून खोकून थकला तेव्हा त्यांनी थोरल्या मालकांना सरळ सांगितलं की भट्टी मी सांभाळते. भट्टीवाला म्हणाला, “बाईमाणसाला ही धग सोसायची नाही.” वन्सं म्हणाल्या, “मग चुलीपुढची धग काय पुरुष सोसतात?” थोरले मालक हसले आणि भट्टी त्यांना मिळाली. लोकांना वाटलं, महिन्याभरात रडत झाडूकडे परत येईल. त्यांचे केस पांढरे झाले तरी त्या भट्टीवरच होत्या.

आमच्याकडे भट्टीवाल्याचा स्वतःचा ठसा असतो. मुशीत सोनं आटवायचं, साच्यात ओतायचं, त्याची लांबट लगड झाली की निवल्यावर तिच्या टोकाला आपला ठसा हातोडीने मारायचा. एखाद्याचं फूल असतं, एखाद्याचा मासा. वन्संचा ठसा म्हणजे दोन ठिपके आणि मधे एक रेघ. हाच का, विचारलं तर म्हणायच्या, “कोरायला सोपा.” पण ठशाचा अर्थ सोपा नव्हता. मुशीत जे गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, असा त्याचा अर्थ. ठसा नसलेली लगड पत्रेवाले हातात घेत नाहीत. हा कुठला कायदा नाही, आमची काम करायची रीत आहे. भट्टीवाला काम सोडतो तेव्हा त्याचा ठसा सगळ्यांसमोर घासून सपाट करतात, म्हणजे त्याच्या माघारी त्याच्या नावाने कुणी काही खपवायला नको.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्नाआधी हे वरच्या नदीवर सोनं काढायच्या कामाला गेले होते. नदीकाठ खणून काढायचा, वाळू चाळायची, आणि ओल्या वाळूत पारा ओतून उघड्या हातांनी मळायची. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग तो गोळा तव्यावर तापवायचा, पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं खाली राहतं. उडून जातो म्हणजे कुठे जातो, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. तवा झोपडीतच असायचा. त्याच झोपडीत स्वयंपाक, त्याच झोपडीत झोप. एक दिवस ह्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना. ठेकेदार म्हणाला, अशक्तपणा आहे, खा आणि झोप.

त्यांना तिथून आणायला वन्सं गेल्या. आधी ट्रक, मग होडी, मग चिखलातून पायी. ठेकेदार सोडेना तेव्हा त्या त्याच्या दारात बसून अशा काही बोलल्या म्हणे, की त्याच्या बायकोनेच आतून ओरडून सांगितलं, अहो, देऊन टाका त्या बाईला तिचा भाऊ. मी हे ह्यांच्याकडून ऐकलंय आणि यातला एकही शब्द खोटा असेल असं मला वाटत नाही. पण हात काही बरे झाले नाहीत. आजही मी ह्यांचा कप अर्धाच भरते. पूर्ण भरला तर चहा बशीत, बशीतून मांडीवर. मी हे हसत सांगते, पण मला त्याचा संताप येतो, आणि तो संताप अजून कमी झालेला नाही.

त्या काळात नदीचं सोनं आमच्याच कारखान्यात यायचं. वन्संना ते माहीत होतं. काही बोलता येत नव्हतं, कारण सोनं कुठलं हे कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारत नव्हतं. म्हणून जेव्हा मोठ्या घड्याळवाल्या कंपनीने नवा नियम काढला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद वन्संना झाला. कंपनीने जाहीर केलं की आमच्या घड्याळांत खाणीतलं किंवा नदीतलं नवं सोनं नाही. लोकांनी वापरून मोडीत काढलेले दागिने आटवून त्याच सोन्याची आमची घड्याळं होतात. दुकानाच्या काचेवर लिहिलं, “या सोन्यासाठी एकही नदी खणलेली नाही.” त्यांच्या माहितीपत्रकाचं ते पान वन्संनी फाडून भट्टीमागच्या भिंतीला चिकटवलं. धगीने ते पिवळं पडलं, तरी काढलं नाही.

मग त्यांचा तोरा बघवेना. येणारा प्रत्येक दागिना त्या हातात घेऊन बघायच्या आणि मगच कात्रीने कापून मुशीत टाकायच्या. जुनी अंगठी तळहाताच्या बाजूला झिजून पातळ होते. साखळीच्या कड्यांत साबणाचा मळ बसतो. कुठे तुटलेलं डाग देऊन सांधलेलं असतं, कुठे आतल्या बाजूला कुणाचं तरी अक्षर कोरलेलं असतं. “ही भांड्यांवाली होती,” एखादी अंगठी बघून म्हणायच्या, “आणि ही बाई बसून खाणारी.” मी म्हणायचे, “बायकांची उणीदुणी काढायला आता तुम्हाला बाईसुद्धा लागत नाही, नुसती अंगठी पुरते.”

थोरले मालक गेले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. धाकटे मालक स्वभावाने वाईट नव्हेत. आजारी माणसाला सुट्टी देतात, आवाज चढवत नाहीत. पण ऑर्डर दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. घड्याळांची मागणी वाढली आणि जुनं सोनं पुरेना. मग एक नवा व्यापारी यायला लागला. आत आल्यावरसुद्धा काळा चष्मा घालायचा, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणायचो. गॉगलने आणलेली पहिली पिशवी वन्संनी ताटात ओतली आणि कात्री उचलायची सोडून बघतच राहिल्या. सगळ्या अंगठ्या. साध्या, गोल, जाड. एक बोटात घातली, बसली. दुसरी त्याच बोटात घातली, बसली. तिसरी, चौथी, तशीच. मी पॉलिशचा माल न्यायला खाली आले होते, तेव्हा त्यांचं ते बोट अंगठ्यांनी टोकापर्यंत भरलं होतं.

“काय हो,” वन्सं गॉगलला म्हणाल्या, “सगळ्या गावाची बोटं एकाच मापाची? की बाई एकच आहे आणि तिची एवढी लग्नं झालीत?”

पत्रेवाले खो खो हसले. गॉगलही हसला. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. म्हणाला, “वरच्या नदीचं आहे. चांगलं आहे सोनं. एका साच्यातून अंगठ्या ओतून आणल्यात, म्हणजे तुमच्या कंपनीच्या नियमात बसतं. तुम्ही आटवा आणि मारा ठसा.”

वन्संनी बोटातल्या अंगठ्या एकेक करून काढल्या, ताटात टाकल्या आणि ताट पुढे सरकवलं. “मी हे आटवणार नाही.”

मालक वरून खाली आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच समजावलं. “हे बघा वन्सं, सोन्याची अंगठी केली म्हणजे तो दागिना झाला. दागिना आटवला म्हणजे ते जुनं सोनं झालं. यात खोटं काय आहे?”

“काल जन्मलेल्या पोराला टोपी घातली की तो आजोबा होतो का?”

“अहो, सगळेच करतात.”

“मग सगळ्यांकडूनच ठसा मारून घ्या.”

इथवर सगळ्यांना मजा वाटत होती. पण ताट तिथेच राहिलं आणि मजा संपली. भट्टी थंड, म्हणून पत्र्याचं यंत्र थंड, म्हणून वरची बाकं रिकामी. दुसऱ्या दिवशी कारागीर जिन्यात उभे राहून हळू आवाजात बोलत होते, तिसऱ्या दिवशी मोठ्याने. पत्रेवाल्यांमधला थोराड माणूस, जो वन्संना बहीण मानायचा, तोच त्यांना म्हणाला, “तुमच्या एका रेघेसाठी आमच्या घरात चूल बंद करणार का?” वन्सं त्याच्यावर चिडल्या नाहीत, आणि त्यांना न चिडलेलं बघून मला कसंतरीच झालं.

माझं म्हणाल तर मी चिडले होते, आणि वन्संवरच. आमच्या घरात कमावणाऱ्या दोघीच. ह्यांची औषधं आहेत, भाडं आहे. घरी गेल्यावर मी तोंड सोडलं. “नदी तुम्ही एकट्या थांबवणार आहात का? तुम्ही नाही आटवलंत तर शेजारच्या गल्लीतला आटवेल. सोनं जायचं तिथे जाणारच, फक्त आपण तेवढ्या घरी बसू.”

“जाऊ दे,” वन्सं म्हणाल्या. “पण माझ्या ठशाखालून नाही जाणार.”

“तुमचा ठसा चुलीत घाला.”

“पोलाद आहे, जळत नाही.”

हे मधे कधी पडत नाहीत. त्या दिवशी पडले. म्हणाले, “मी तिथे होतो तेव्हा आम्ही एकमेकांना विचारायचो, हे सोनं शेवटी कुठे जातं? कुणाच्या हातात, कुणाच्या गळ्यात? आम्हाला कधी कळलं नाही. त्यांनाही आम्ही कळलो नाही. ताई मधे उभी आहे. एवढंच एक माणूस आहे की ज्याला दोन्हीकडचं दिसतं.” पण भाड्याचा प्रश्न होता तिथेच होता.

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. त्यांच्या दुकानांत दाखवायला त्यांना एक छोटी फिल्म हवी होती. जुनं सोनं आटवणाऱ्या बाईची. भट्टी, ज्वाळा, सुरकुतलेले हात, लगडीवर पडणारा ठसा. मालकांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, कॅमेरा समोर आला की कुठलीही बाई विरघळते. वन्संना ते ओळखत नव्हते असं नाही, पण त्यांना आशा फार.

कंपनीची बाई आली, बरोबर फोटोग्राफर. बाई चांगली होती. वाकून नमस्कार केला, फिल्मसाठी पेटवलेल्या भट्टीवर हात धरून बघितला, हात पटकन मागे घेतला. ताटातल्या अंगठ्यांकडे बघून तिने मायेने विचारलं, “किती घरांतून आलं असेल ना हे सोनं? किती जणींच्या आठवणी असतील यात.”

“यात?” वन्सं म्हणाल्या. “यात कुणाचीच आठवण नाही. या अंगठ्या कुणी घातलेल्याच नाहीत. हे नदीचं सोनं आहे, परवा ओतलंय, अजून नीट पुसलंसुद्धा नाही.”

मालक घाईने पुढे झाले आणि हसून म्हणाले, वन्संची थट्टा करायची सवय आहे. बाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे, एकदा भिंतीवरच्या त्या पिवळ्या पानाकडे. तिचा चेहरा पडला. म्हणाली, “मी वर कळवते.”

“वर म्हणजे कुठे?” वन्संनी विचारलं. “देवाला?”

मालक बाईला चहाला घेऊन गेले. ती गेल्यावर ते परत खाली आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “वन्सं, आजपासून तुम्ही विश्रांती घ्या. ठसा इथे ठेवून जा.”

ठसा ठेवून जा, हे ऐकताच पत्रेवालेसुद्धा चपापले. वन्संनी खिशातून ठसा काढला, सहाणेच्या चाकापाशी गेल्या आणि चाक सुरू केलं. मालक म्हणाले, “अहो, तो कारखान्याचा आहे.” वन्सं म्हणाल्या, “पोलाद कारखान्याचं. रेघ माझी.” ठिणग्या उडाल्या. दोन ठिपके आणि रेघ गेली. सपाट झालेला तुकडा त्यांनी मालकांच्या हातात ठेवला. तो गरम होता, मालकांनी तो या हातातून त्या हातात केला, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. वन्संची कंबर धरायला लागली तेव्हापासून मीच दुपारची त्यांच्या हाताखाली मूस उचलत होते, भट्टी मला येत होती. मालक म्हणाले, “भट्टीवर तुम्ही बसा. पगार त्यांचाच. तुम्ही समजूतदार आहात. आणि तुमचं नि त्यांचं किती पटतं, ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे.” नवा ठसाही त्यांनी करून आणला होता. फुलाचा. मी म्हटलं, बरं.

का म्हटलं? घरात एक तरी पगार यावा म्हणून म्हटलं. त्याबद्दल मला काही वाटत नाही. ज्यांना वाटायचं असेल त्यांनी दोन खोल्यांचं भाडं भरून बघावं.

घरी सांगितलं. मला वाटलं, आता छप्पर उडणार. वन्सं म्हणाल्या, “बस. कुणीतरी बसणारच. मूस उचलताना चिमटा खालून धर, तू नेहमी मधे धरतेस.” एवढंच. मग त्या संध्याकाळभर माझ्याशी भांडल्या नाहीत. मी मुद्दाम भाजी जाड चिरली, तरी काही बोलल्या नाहीत. हे मला हळूच म्हणाले, “ताई भांडत नाहीये. काहीतरी फार बिनसलंय.” मला रडू आलं, पण मी ते कांद्यावर ढकललं.

तरी सकाळी घरून निघाले ती ठसा मारायचा हेच ठरवून. भट्टी पेटवली. रिकामी मूस तापायला ठेवली. ताट शेजारी. कंपनीची बाई मालकांच्या आग्रहाने परत आली होती, फोटोग्राफर कॅमेरा लावत होता, गॉगल भिंतीला टेकून उभा. कारागीर जिन्यात येऊन थांबले होते, कारण आज काम सुरू होणार होतं. सगळं मनासारखं चाललं होतं, आणि मालकांनी तोंड उघडलं नसतं तर मी मारलाही असता ठसा. पण बाई अजून अवघडलेली होती. तिला मोकळं वाटावं म्हणून मालक म्हणाले, “त्या दिवशीच्या बाईंचं मनावर घेऊ नका. वयामुळे डोकं जरा फिरलंय. काहीही बोलतात. ह्या त्यांच्या भावजय, ह्यांनाच विचारा.” आणि माझ्याकडे बघून हसले, आता ही मान डोलावणार अशा खात्रीने.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“कुणाचं डोकं फिरलंय?” मी म्हटलं.

“अहो, तुम्हीच तर रोज म्हणता.”

“मी म्हणते. मी रोज म्हणते, आणि उद्याही म्हणेन. माझ्या नणंदेला नावं ठेवायचा हक्क माझा आहे. तो मी घरातल्या भांड्यांबरोबर घासून घासून कमावलाय. तुम्ही कोण?”

मालक गोंधळले. खरंच गोंधळले. “पण तुमचं तर पटत नाही ना?”

“नाहीच पटत. म्हणून काय ती खोटं बोलते?” मग मी कंपनीच्या बाईकडे वळले. “बाई, ती बोलली ते खरं आहे. हे नदीचं सोनं आहे. हा गॉगलवाला ते आणतो, त्याने आमच्यासमोर कबूल केलंय, आणि इथे जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते ऐकलंय. नदीचं सोनं कसं काढतात ते बघायचं असेल तर माझ्या घरी या. माझ्या नवऱ्याला एक कप चहा द्या, काठोकाठ भरून, आणि तो पिताना त्याच्याकडे बघा. फिल्म करायची तर त्याची करा. तुमच्या काचेवर लावा.”

मी फुलाचा ठसा मालकांच्या पुढ्यात ठेवला, हातमोजे काढले आणि निघाले. दोघींची नोकरी गेली, हे मला कोपऱ्यावरच्या वळणावर नीट कळलं. तिथे मी जरा थांबले आणि मग तशीच पुढे गेले.

वन्सं दारातच बसल्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. शाबासकी देतील अशी मला उगीच आशा होती. त्या म्हणाल्या, “भट्टी बंद करून आलीस ना?”

मी नव्हती केली.

“अगं बाई,” वन्सं उठल्या. “रिकामी मूस तशीच तापते आहे? तडकेल ती. धड भांडता पण येत नाही तुला, सगळं अर्धवट टाकून येतेस.” चपला घातल्या आणि निघाल्यासुद्धा. कंबर धरलेली बाई इतकी भरभर चालू शकते हे मी पहिल्यांदा बघितलं. मी मागून पळत होते आणि त्या पुढून मला बोलत होत्या. चिमट्यावरून, हवेच्या चावीवरून, माझ्या माहेरावरून. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फाटकावर रखवालदाराने आमच्याकडे बघितलं. एक काढून टाकलेली, एक सोडून गेलेली. त्याने फाटक उघडलं.

आत गेलो तर सगळे भट्टीभोवती गोल करून उभे. भट्टी ज्याची, तिच्या हवेची नि गॅसची चावी त्याची. दुसऱ्याने हात लावायचा नाही ही आमच्याकडची जुनी शिस्त. आणि आज भट्टी कुणाचीच नव्हती. म्हणून मालकांपासून पत्रेवाल्यांपर्यंत एवढी माणसं त्या भकाभका जळणाऱ्या भट्टीकडे नुसती बघत होती. मालक म्हणाले, “वन्सं, तुम्हाला आत यायची परवानगी नाही.” वन्सं म्हणाल्या, “बाजूला व्हा,” आणि ते झाले. थोराड पत्रेवाल्याने आधीच वाट करून दिली होती. त्याने खाली बघितलं नाही.

वन्संनी हवा बंद केली, मग गॅस. घरघर थांबली आणि कारखाना एकदम शांत झाला. मूस लालबुंद होती, पण शाबूत होती. ताटातल्या अंगठ्या होत्या तशाच होत्या. वन्संनी ते ताट उचललं आणि गॉगलच्या हातात दिलं. “घेऊन जा. नदीला विचार, परत घेते का.”

गॉगलने मालकांकडे बघितलं. मालकांनी कंपनीच्या बाईकडे बघितलं. बाईने त्या भिंतीवरच्या पानाकडे बघितलं. पुढे काय होईल ते तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ऑर्डर जाईल, राहील, दुसऱ्या गल्लीत पळेल, पत्रेवाले आम्हाला शिव्या घालतील की पाणी विचारतील, काहीच सांगता येत नव्हतं.

वन्संनी चिमट्याने मूस बाहेर काढली. खालून धरून. विटेवर ठेवली, कंबरेवर हात ठेवला आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, “हं, काढा आता फोटो. रिकामी आहे, ते नीट दिसू दे.”

त्याने बाईकडे बघितलं. बाईने मान हलवली, हो म्हणून.

“तू पण ये इकडे,” वन्सं मला म्हणाल्या. “उभी राहा. आणि फोटो होईपर्यंत तरी तोंड मीट.”

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. तोंड मात्र मिटलं नाही.